‘साठी’ : एका शालेय धावेचा प्रकरण अभ्यास

बॅनरचा नमुना आम्ही तिच्या आईला दाखवला नव्हता. तो तिने ग्रुपवर पाहिला.

सहावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर छपाईवाल्याकडून आलेलं चित्र कोणीतरी ‘कसं वाटतंय?’ म्हणून टाकलं. डोक्यावर केस नसलेली, मास्क हनुवटीखाली ओढून हसणारी मुलगी. खाली मोठ्या अक्षरांत ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’, त्याखाली धावण्याची तारीख आणि उजव्या कोपऱ्यात विभागातल्या एका इच्छुक उमेदवाराचा हात जोडलेला फोटो. मुलीचा फोटो वॉर्डात, तिच्या वाढदिवसाला काढलेला. तो आईनेच तेव्हा हौसेने ग्रुपवर टाकला होता आणि खाली केकच्या चित्रांची रांग लागली होती. मुलगी जूनमध्ये गेली. आई ग्रुपमध्ये तशीच राहिली होती, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तिने ग्रुपवर काही लिहिलं नाही. तासाभरात शाळेत आली. शिपाईमामांनी तिला कार्यालयात न बसवता थेट माझ्या खोलीत आणलं.

“बाई, नापास कोण झालं?” तिने विचारलं. “ती?”

मी परळ-लालबाग पट्ट्यातल्या एका मराठी शाळेत आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून जाते. हे प्रकरण लिहून काढते आहे ते अशा धावा आता बऱ्याच शाळा करतात म्हणून, आणि आम्ही जिथे घसरलो तिथे इतरांनी घसरू नये म्हणून. घर ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत, नाव कुणाचंच घेतलेलं नाही. बॅनरचा नमुना मंजूर करणाऱ्या पाच जणांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते.

डाग

मुलगी चौथीत होती तेव्हा तिच्या पिंढऱ्यांवर निळे डाग दिसायला लागले. शाळेत खो-खोचा सराव जोरात चालू होता, त्यामुळे घरच्यांनी आणि आम्हीही डागांचा संबंध खेळाशी लावला. मग ताप उतरेना. चेहरा पांढरा पडला, रात्री पाय ठणकायला लागले. रक्त तपासलं तेव्हा निघाला ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग. अस्थिमज्जेत अपक्व पेशींची इतकी गर्दी होते की तांबड्या पेशी, कामाच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स यांना जागाच उरत नाही. तांबड्या कमी म्हणून फिकेपणा, पांढऱ्या कमी म्हणून ताप, प्लेटलेट्स कमी म्हणून डाग. उपचार लांबलचक असतात: पहिला महिना-सव्वा महिना जोरदार, पुढचे काही महिने टप्प्याटप्प्याने, मग घरी राहून रोज गोळ्या. एकूण दोन-अडीच वर्षं सहज जातात.

पाचवीत ती शाळेत परतली. टोपी, मास्क, स्वतःची पाण्याची बाटली. वर्गाने तिला सांभाळून घेतलं, जरा जास्तच. त्या वर्षीच्या दिवाळीत आजार उलटला आणि पुढच्या जूनमध्ये शाळा उघडायला आठवडा असताना ती गेली. सहावीच्या नव्या हजेरीपटावर तिचं नाव होतं, कारण वर चढवलेल्यांची यादी मे महिन्यातच तयार झाली होती. पहिल्या दिवशी वर्गशिक्षिका बावीस नंबरवरून चोवीसवर गेल्या. वर्गात कुणी हूं की चूं केलं नाही.

धावेची कल्पना पीटीच्या सरांची. परिपाठात त्यांनी मुलांना टेरी फॉक्सची गोष्ट सांगितली. कॅनडाचा हा तरुण. हाडाच्या कर्करोगाने 1977 साली त्याचा उजवा पाय कापावा लागला. 1980 मध्ये तो कृत्रिम पायावर 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला. कर्करोग फुप्फुसात गेल्यामुळे थांबावं लागलं आणि 1981 च्या जूनमध्ये तो गेला. त्याच्या नावाच्या धावा जगभर होतात. मुलं भारावली. आठवडाभरात शाळेत ‘मॅरेथॉन’ची बोलणी सुरू झाली. (आपल्याकडे दोन किलोमीटर धावलं तरी ती मॅरेथॉनच असते. खरी 42.195 किलोमीटरची, हे सांगायला गेलं की सर नाराज होतात.) ठरलं असं की शिवाजी पार्कला फेऱ्या मारायच्या आणि प्रत्येक मुलाने नातेवाइकांकडून फेरीमागे दहा रुपये कबूल करून घ्यायचे. जितक्या फेऱ्या तितका निधी. कागदावर ही योजना फार छान दिसत होती.

चिठ्ठ्या

धावेआधी सहावीच्या वर्गाशी बोलायचं माझ्याकडे आलं. मी मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. नाव न घालता मनात जो प्रश्न असेल तो लिहा म्हटलं. मोठी माणसं समोर असली की मुलं आपल्याला आवडतील तेच प्रश्न विचारतात, हा अनुभव आहे. चिठ्ठीत तसं होत नाही.

‘तो दुसऱ्याला लागतो का?’ हा प्रश्न सात-आठ चिठ्ठ्यांत होता. तो लागत नाही, हे दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं असूनही. ‘तिला खूप दुखायचं का?’ ‘तिचा कंपास आता कोणाकडे आहे?’ ‘तेव्हा शाळेला सुट्टी का नाही दिली?’ आणि एका चिठ्ठीत, पेन्सिलीने, खोडून पुन्हा लिहिलेलं: ‘जोरात खो दिला तर रक्ताचा कॅन्सर होतो का?’

चिठ्ठी कुणाची, हे मी विचारलं नाही. फळ्यावर हाड काढलं, हाडाच्या आतली मज्जा काढली. निरोगी माणसाच्या रक्तात एका मायक्रोलिटरला, म्हणजे टाचणीच्या टोकावर मावेल एवढ्या थेंबात, दीड लाख ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. कुठे आपटलं तर आतली गळती त्या बुजवतात. तिच्याकडे त्या फारच थोड्या उरल्या होत्या. खेळताना लागतं तेवढंच तिला लागलं होतं. डाग उमटला तो आजार आधीच आत होता म्हणून. मारामुळे आजार झाला नाही, आजारामुळे डाग दिसला. हे वाक्य मी दोनदा म्हटलं आणि वर्गाकडूनही म्हणवून घेतलं, पाढ्यासारखं.

मधल्या सुट्टीत एक मुलगा दाराशी घुटमळला.

“बाई, मी पाठीवर मारलं होतं. डाग पायाला होता ना?”

दोन वर्षं हा हिशोब त्याच्या डोक्यात चालू होता. ती टोपी घालून परत आली तेव्हा तो तिच्याशी कधी बोललाच नाही, हे मला नंतर वर्गशिक्षिकेकडून कळलं. त्यांना वाटलं होतं, मुलगे या वयात मुलींशी बोलत नाहीत. डाग पायालाच होता, मी सांगितलं. पाठीला असता तरी उत्तर तेच असतं, हेही सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला आणि निघता निघता म्हणाला, “मी वीस फेऱ्या मारणार आहे.”

शिवाजी पार्कच्या कट्ट्याची एक फेरी किलोमीटरच्या वर भरते. अकरा वर्षांच्या पोराने वीस फेऱ्या म्हणजे अर्ध्या मॅरेथॉनच्या जवळ. तो निधी गोळा करायला निघालेला नव्हता, शिक्षा भोगायला निघाला होता. आणि तिचा दर फेरीमागे दहा रुपये, हा आम्हीच लावून दिला होता.

फेरीमागे पैसे ही पद्धत त्याच संध्याकाळी रद्द व्हावी म्हणून मी मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पण सर अडले. “मग मुलं धावतील कशाला?” हा त्यांचा प्रश्न गैर नव्हता. शेवटी सरांच्याच गोष्टीतून वाट निघाली: टेरी फॉक्सच्या नावाने होणाऱ्या धावांमध्ये प्रवेश शुल्क नसतं आणि वेळेची स्पर्धाही नसते. इयत्तेप्रमाणे अंतर ठरलं. पहिली ते चौथी अर्धी फेरी, पाचवी ते सातवी एक, वरचे दोन. देणगीचा आणि फेऱ्यांचा संबंध तोडला.

काय छापायचं

आता पुन्हा बॅनरकडे. आईच्या त्या प्रश्नानंतर मी गप्प बसले होते. तीच बोलत राहिली. औषधं हरली, रक्तपेढ्या हरल्या, तुम्ही काय हवं ते लिहा, तिने काय केलं? तिने दिली ती प्रत्येक सुई घेतली. मग जरा वेळाने: केस गेलेला फोटो नको. आता पुष्कळ मुलं अशी आहेत, ज्यांना ती माहीतच नव्हती. त्यांना ती फक्त टकलू म्हणून कळेल.

तिने धावेला नकार दिला नाही. नाव छापू नका, एवढंच म्हणाली. “ज्यांना ती माहीत होती ते लिहितील की.”

यातून चित्रकलेच्या बाईंना कल्पना सुचली. पाठीवर सेफ्टी पिनने लावायचा मांजरपाटाचा चौकोन, त्यावर खाली फक्त एक शब्द छापलेला: ‘साठी’. वरची जागा मोकळी. ज्याने त्याने घरून लिहून आणायचं. छपाईचा खर्चही निम्म्यावर आला, आणि ‘धावतो’ की ‘धावते’ ही भानगडही मिटली.

दागिन्यांच्या दुकानाचे एक मालक चौकोनावर आपलं बोधचिन्ह मागत होते. नाही म्हटल्यावर त्यांनी केळ्यांचे पैसे तरीही दिले, हे त्यांच्याबद्दल लिहायला हवं. इच्छुक उमेदवारांना ‘फलकच लावणार नाही, परवानगीच घेतलेली नाही’ असं मोठ्या बाईंनी कळवलं. बेकायदा फलकांबद्दल उच्च न्यायालय किती कडक आहे, हेही त्या फोनवर आवाज न चढवता सांगत होत्या. नाही म्हणायला कायदा बरा पडतो.

आणखी एक गोष्ट तेव्हा सुटून गेली असती. धावेच्या आरोग्य अर्जात दमा, फिट, हृदयविकार यांच्या जोडीला आम्ही ‘पूर्वी केमोथेरपी झाली आहे का?’ असं विचारलं होतं, कारण त्यातल्या काही औषधांचा ताण हृदयावर येतो आणि तो वर्षांनी दिसू शकतो. नववीतून एक अर्ज ‘होय’ म्हणून आला. मुलगा लहानपणी उपचार घेऊन बरा झालेला. समितीत कोणीतरी उत्साहाने म्हटलं, याला व्यासपीठावर बोलवू, मुलांना प्रेरणा मिळेल. त्याच्या आईचा निरोप दोन वाक्यांचा होता: “त्याला माहीत आहे. वर्गाला नाही.” हा विषय चार जणांसमोर निघायलाच नको होता. हृदयाची इको तपासणी आणि त्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली, तो धावणार हे ठरलं, बाकी सगळं फाइलमध्ये बंद झालं. पण माझ्या मनातून एक जात नाही. तो पहिला बॅनर शाळेच्या दारावर लागला असता तर ‘झुंज अपयशी’ हे शब्द या पोराने रोज दोनदा वाचले असते.

पैसे कुठे द्यायचे

शाळेच्या आजूबाजूला राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. परळचं टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून इथे आहे, आणि बाहेरगावच्या पेशंटांची कुटुंबं पदपथावर पथारी टाकून राहतात हे आमची मुलं रोज येताजाता बघतात. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. पण खाटा कमी आणि माणसं जास्त हे गणित सुटलेलं नाही.

आई म्हणाली, आम्हाला लालबागला घर होतं म्हणून निभावलं. शेजारच्या खाटेवरच्या मुलाचे आईवडील कुठे झोपतात हे तिला तीन आठवड्यांनी कळलं होतं. ल्युकेमियाच्या उपचारांत मूल सगळा वेळ रुग्णालयात दाखल नसतं. केमो घेऊन बाहेर जायचं, ठरलेल्या दिवशी परत यायचं. या मधल्या दिवसांत पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतात आणि ताप आला तर ती तातडीची वेळ असते. 38 अंश सेल्सियसच्या वर गेला की तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. जव्हारच्या पाड्यावरून हे होत नाही, पदपथावरही धड होत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून अधिक बरी होतात आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या पुष्कळ देशांत 30 टक्क्यांहूनही कमी. औषध शोधायचं राहिलंय म्हणून हे अंतर पडलेलं नाही. निदान उशिरा होतं, औषध वेळेवर मिळत नाही, उपचार अर्धवट सोडून लोक गावी जातात. राहायला स्वच्छ खोली असणं हा उपचाराचाच भाग ठरतो तो असा. पैसे अशा मुलांच्या निवासाला द्यायचे, हे पाच मिनिटांत ठरलं.

द्यायचे कसे यावर मात्र तीन सभा गेल्या. गणेशोत्सव मंडळंसुद्धा वर्गणीआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून कलम 41 क खाली परवानगी काढतात. शाळेने नुसतीच डबे फिरवून रोकड गोळा केली असती तर उद्या हिशोब कोण देणार? आम्ही पैशाला हातच लावायचा नाही असं ठरवलं. निवास चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा क्यूआर कोड आणि खाते क्रमांक पत्रकावर छापला. देणगी थेट तिकडे, करसवलतीसाठी लागणारी 80 जी ची पावती थेट तिकडून. दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, हेही त्याच पत्रकावर.

नियम चोख होता, पण पहिलीची मुलं मातीचे गल्ले घेऊन आली. त्यांना क्यूआर कोड दाखवणार? मावशींनी वर्तमानपत्र पसरलं, गल्ले फुटले, दोन तास आम्ही नाणी मोजत बसलो. कुणाचे किती याची यादी केली, कारण नाव नसलेली रोकड संस्थेच्या हिशोबात अडचणीची ठरते. एका गल्ल्यात एक बटण आणि राजाराणीच्या खेळातली ‘चोर’ लिहिलेली चिठ्ठी निघाली. दोन्ही परत दिली.

वडिलांचं म्हणणं

वडील बेस्टमध्ये आहेत. सभांना ते एकदाच आले, तेही ड्युटी संपवून, गणवेशातच. सगळं ऐकून म्हणाले, “पैसे उभे राहिले हो. चाळीने दिले, डेपोने दिले. माणसं मिळाली नाहीत.”

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईतलं रक्तदान आटतं. लोक गावी जातात, कॉलेजं बंद, शिबिरं बंद. मे महिन्यात पुन्हा तेच. रक्ताची पिशवी शीतपेटीत महिनाभर तरी टिकते. प्लेटलेट्स मात्र 20 ते 24 अंशांवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत संपतात, त्यामुळे साठा करून ठेवणं जमत नाही. केमोनंतर ‘काउंट पडले’, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या घसरली, की घरच्यांच्या हातात फोन येतो आणि डोनर शोधणं सुरू होतं. एका दात्याच्या रक्तातून यंत्राने फक्त प्लेटलेट्स काढून बाकीचं परत सोडतात, त्याला सगळे एसडीपी (सिंगल डोनर प्लेटलेट्स) म्हणतात. दीड-दोन तास लागतात. वय 18 च्या वर, वजन 50 किलोच्या वर, दंडाची शीर चांगली, तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी. रक्त एकदा दिलं की पुरुषांना तीन महिने आणि बायकांना चार महिने थांबावं लागतं. प्लेटलेट्स मात्र 48 तासांच्या अंतराने पुन्हा देता येतात, वर्षातून 24 वेळांपर्यंत. हे आमच्या शिक्षकांपैकी निम्म्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

लगेच कोणीतरी म्हणालं, मैदानातच शिबिर लावू. ते नको ठरलं: धावून घाम गाळलेल्या माणसाने लगेच सुई घेणं बरं नव्हे. त्याऐवजी एक वही ठेवायची. नाव, रक्तगट, फोन आणि ‘फोन केला तर चालेल’ या रकान्यात सही. मुलं 18 च्या आतली, म्हणून वही फक्त पालकांसाठी.

मैदान

दिवस ठरवणं वाटलं त्याहून अवघड गेलं. 15 फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन, पण तेव्हा आमची दहावी परीक्षेच्या तोंडावर असते. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन, त्यानंतर मैदानावर 26 जानेवारीच्या संचलनाची तयारी. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर देशभरातून लोक येतात, त्या दिवसांत मैदान त्यांचं असतं. उरला डिसेंबरचा तिसरा रविवार. सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणून सव्वासातची वेळ. पालिकेचा जी उत्तर विभाग, पोलीस ठाणं, वाहतूक पोलीस: अर्ज तीन, खेपा मोजल्या नाहीत.

शिवाजी पार्क 2010 पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्र आहे, त्यामुळे ध्वनिवर्धक नाही. डीजे नाही, घोषणा नाहीत, भाषणं नाहीत. सर हिरमुसले. मला मात्र त्या आदेशाचे आभार मानावेसे वाटले. सरांची शिट्टी, टेनिस बॉलचे ठोके आणि तीनशे-साडेतीनशे कॅनव्हासच्या बुटांचा आवाज, एवढंच. तांबडी धूळ उडू नये म्हणून आधी पाणी मारलं होतं. तरी पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांचे पांढरे मोजे विटकरी.

पाठी वाचण्यासारख्या होत्या. ‘आजी साठी’, ‘टिपू साठी’ (हा कुत्रा), ‘आई म्हणाली म्हणून साठी’. सहावीच्या बहुतेक पाठींवर तिचं नाव, कुणी शाळेतलं लिहिलेलं, कुणी खेळातलं टोपणनाव. कट्ट्यावर बसलेले एक आजोबा चष्मा सावरत म्हणाले, “साठी? आमची पंच्याहत्तरी झाली, आम्हाला द्या एक!” त्यांना एक चौकोन दिला. त्यांनी पेन मागून घेतलं, बराच वेळ विचार केला, काहीतरी लिहिलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

तिचा धाकटा भाऊ तिसरीत आहे. दोन वर्षं घरात सगळं बहिणीच्या काउंटवर चाललं. तो शेजाऱ्यांकडे जेवला, शेजाऱ्यांकडे झोपला. धावेत तो पहिल्या रांगेत असावा, शिट्टी त्याच्याच हातात द्यावी, असे बेत होते. त्याला विचारल्यावर तो म्हणाला, मी पाणी देणार. मग त्याला पाण्याच्या टेबलावर ठेवलं. त्याच्या पाठीवर ‘पाणी साठी’ असं लिहिलेलं. ग्लास अर्धाच भरायचा, हा नियम त्याने स्वतः काढला आणि दुसरा ग्लास मागणाऱ्या दहावीच्या पोरांना परत पाठवलं. आई बाजूला उभी राहून रिकामे ग्लास एकात एक घालत होती.

नववीतला मुलगा दोन फेऱ्या धावला. त्याचा चौकोन कोरा होता.

आणि ज्याची काळजी होती तेच झालं. देणगीचा संबंध तोडला होता, पण प्रत्येक फेरीला मनगटावर शाईचा शिक्का मारायची सरांची जुनी सवय आम्ही कुणीच थांबवली नाही. सहावीची मुलं एक फेरी करून केळी खात बसली, खो-खोवाला थांबेना. तिसऱ्या फेरीला मी हाक मारली, तो ऐकू न आल्यासारखा पुढे गेला. चौथ्याला चेहरा लालबुंद, ओठ कोरडे. पाचव्याला सर त्याच्या बरोबरीने धावायला लागले, काही न बोलता वेग कमी करत करत त्याला चालण्यावर आणलं आणि तसंच चालवत पाण्याच्या टेबलापर्यंत नेलं. भावाने त्याच्याकडे पाहिलं आणि ग्लास पूर्ण भरून दिला. नियम मोडलेला मी पाहिला तो तेवढाच. पोराच्या मनगटावर पाच शिक्के होते. नंतर दोन दिवस तो हात धूत नव्हता, असं त्याची आई सांगत होती. सोमवारपासून तो माझ्याकडे दर आठवड्याला येतो. अजून येतो.

नंतर

संस्थेकडे त्या महिन्यात धावेच्या नावाने एक लाख शहाऐंशी हजार जमा झाले, नाण्यांसह. रुग्णवाहिका, कापड, ग्लास यांचा खर्च पालक-शिक्षक संघाने वेगळा केला, देणगीतून एक पैसा वळवला नाही. आकडा सांगितल्यावर समितीतल्या दोघांना तो कमी वाटला. फेरीमागे दहा रुपये ठेवले असते तर वाढला असता, हे मलाही मान्य आहे.

वहीत चौसष्ट नावं आली. गुढीपाडव्यापर्यंत प्रत्यक्ष जाऊन दिलेले अकरा. काहींचं वजन बसलं नाही, काहींची शीर मिळेना, आणि बऱ्याच जणांना दुपारी दोनचा फोन नोकरीच्या वेळेत आला. वही माझ्या कपाटात असती तर अकराही झाले नसते. ती वडिलांनी मागून घेतली. रक्तगटाप्रमाणे पुन्हा लिहून काढली, कोण सकाळपाळीला, कोण रात्रपाळीला हेही समोर टाकलं. डेपोतल्या वेळापत्रकासारखी दिसते ती आता.

जुलैत शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सभेत ‘वार्षिक उपक्रम’ म्हणून धावेचा विषय निघाला आणि ‘कुटुंबाशी बोलून’ असा शेरा पडला. या वेळी तरी आधी विचारू म्हणून मी आईला फोन केला. दरवर्षी करायचं का, ती विचार करत राहिली. मागे वडिलांचा आवाज येत होता, कुणालातरी पत्ता सांगत होते.

“नंतर बोलू का, बाई?” ती म्हणाली. “ह्यांना आत्ता फोन आलाय, ए निगेटिव्ह हवंय, संध्याकाळच्या आत. तुमच्या ओळखीत आहे का कोणी?”